चैत्रातले घर

माघ महिन्यात आमच्या बसण्याच्या खोलीत दक्षिणेच्या खिडकीतून जो उन्हाचा पट्टा उतरतो तो भर दुपारी जवळजवळ निम्म्या खोलीपर्यंत पसरलेला असतो, आणि त्या पट्ट्यात चटई टाकून वाचीत बसणे हे पुण्याच्या हिवाळ्यातले एक निर्भेळ सुख आहे; परंतु फाल्गुन लागला की तोच पट्टा दिवसागणिक मागे सरकू लागतो, होळीच्या सुमारास भिंतीलगत येऊन थबकतो, आणि गुढीपाडव्याला पाहावे तर चौकटीच्या कडेवर रेघेएवढा उरलेला असतो. त्याच सुमारास घरात दुसरा एक बदल होतो. हिवाळाभर जिच्याकडे कोणी लक्षही देत नाही त्या पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजल्यापुढे तांबूस, तिखट ऊन तिरपे आत शिरते आणि समोरच्या भिंतीवर, पुस्तकांच्या कपाटावर, तसबिरींच्या काचांवर तास-दीड तास ठाण मांडून बसते. पंचांग उघडण्यापूर्वीच घराला ऋतू बदलल्याची वर्दी मिळालेली असते.

ह्यात गूढ असे काही नाही. २१ मार्चच्या सुमारास सूर्य ऐन पूर्वेला उगवून ऐन पश्चिमेला मावळतो, तेथून पुढे त्याची उगवती-मावळती उत्तरेकडे सरकत जाते, मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर चढत जातो, आणि मे महिन्याच्या मध्यास पुण्या-मुंबईच्या परिसरात एक दिवस असा येतो की भर मध्यान्ही उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखालीच जिरते. म्हणजे जी दक्षिणेची खिडकी थंडीत घराला ऊब देत होती ती आता निरुपद्रवी होते, आणि तापाचा मोठा भार पश्चिमेच्या भिंतीवर व माथ्यावरच्या छपरावर पडतो. वसंत ऋतूत घर सजवायचे म्हणजे काय करायचे, ह्या प्रश्नाचा विचार मला वाटते येथूनच सुरू केला पाहिजे. नवे पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत, येथून नव्हे.

कारण आपला वसंत आणि विलायतेचा वसंत ह्यांत नावापलीकडे साम्य थोडे. ज्या मुलखांत महिनोन्‌महिने बर्फ आणि अंधार ह्यांचा अंमल असतो तेथे वसंत म्हणजे दारे-खिडक्या उघडून उन्हाला आत बोलावण्याचा ऋतू. जाड पडदे उतरवायचे, काचा लख्ख करायच्या, आणि फिक्या पिवळ्या, कोवळ्या हिरव्या रंगांनी प्रकाशाचा भास वाढवायचा, हे तेथील सजावटीचे सूत्र तेथील हवेतूनच आपोआप निघालेले आहे. इराणात नवरोजपूर्वी घराची जी झाडलोट होते तिला ‘खाने-तकानी’, म्हणजे ‘घर झटकणे’, असेच नाव आहे. नवरोजच्या मेजावर तेथे अंकुरलेल्या गव्हाची हिरवी थाळी मांडतात. मुंबईच्या पारशी घरांतून जमशेदी नवरोजला, २१ मार्च रोजी, छिद्रे पाडलेल्या पत्र्याच्या डब्यांनी उंबऱ्यापाशी पांढऱ्या पुडीचे मासे आणि फुले उमटवतात, त्याला ‘चॉक’ म्हणतात, आणि दारावर तोरण चढते. आमचा चैत्र मात्र उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो. पिंपळाला तांबूस पालवी फुटलेली असते, कडुनिंब मोहरलेला असतो, कोकिळ पहाटेपासून साद घालीत असतो, हे सगळे खरे. पण त्याच पंधरवड्यात विदर्भात पारा चाळिशीला टेकू लागतो. म्हणून आपल्याकडे घराची वासंतिक शोभा उन्हाला आत बोलावण्यात नसून त्याला उंबऱ्याबाहेर थोपविण्यात, आणि घरात जेवढा म्हणून गारवा, मोकळेपणा व सुगंध आणता येईल तेवढा आणण्यात आहे. आणि आपल्या आज्या-पणज्यांनी ही शोभा इतक्या साध्या साधनांनी साधली आहे की तिच्यातले बरेचसे आजच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातही करता येण्याजोगे आहे.

पहिले काम आणण्याचे नसून काढण्याचे आहे. पूर्वी ह्या कामाला एक व्यावहारिक निमित्त होते. चैत्र-वैशाख हे बेगमीचे महिने. गहू-डाळी ऊन दाखवून कणगीत किंवा डब्यांत भरायच्या, पापड, कुरडया, सांडगे वाळवायचे, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या धुऊन पालथ्या घालायच्या, आणि ह्या सगळ्या सरंजामाला जागा हवी म्हणून माळा उपसला जाई, कोनाडे मोकळे होत, रजया आणि वाकळा दोन दिवस कडक उन्हात पडून, सावलीत वाळवलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ट्रंकेत जात. आज वर्षाचे धान्य घरात भरणारी माणसे कमी झाली, तरी हिवाळ्याचे जाड अंथरूण-पांघरूण बैठकीत रचून ठेवण्याची सवय काही गेलेली नाही. मला उपयोगी पडलेली एक युक्ती सांगते. खोलीतली एक भिंत निवडावी आणि तिच्यावर टांगलेले, तिला टेकलेले, तिच्यापुढे मांडलेले सर्व काही काढून आठ दिवस दुसऱ्या खोलीत ठेवावे. आठ दिवसांत ज्या वस्तूची आठवण घरातल्या एकाने तरी काढली ती परत आणावी. बाकीच्यांचा निकाल शांतपणे लावावा. गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा वस्तूंपैकी तीन परत आल्या: सासऱ्यांचे छायाचित्र, घड्याळ, आणि मुलीने शाळेत असताना रंगवलेला एक मातीचा मोर. ती रिकामी भिंत पाहून आलेल्या पाहुण्यांनी विचारले, “तुम्ही खोली मोठी करून घेतलीत का?”

आता चुन्याविषयी. ह्या विषयावर मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण रंगांच्या दुकानांतून मिळणाऱ्या शेकडो छटांच्या गर्दीत हा एक जुना, स्वस्त आणि गुणी पदार्थ आपण विनाकारण विसरलो आहो असे मला मनापासून वाटते. माझ्या माहेरी पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात परसात एक जुने लोखंडी पिंप यायचे. त्यात अर्ध्यावर पाणी भरून आजोबा चुनकळीचे खडे एकेक करून सोडीत. पाण्यात कळी सोडायची, कळीवर पाणी ओतायचे नाही, नाही तर ती उसळून अंगावर येते, हे ते आम्हां मुलांना दर वर्षी नव्याने बजावीत. खडा पाण्यात पडला की क्षणभर काहीच होत नसे, मग तो चिरके, फुटे, आणि बघता बघता थंड पाण्याच्या त्या पिंपातून वाफा निघू लागत. भट्टीत भाजताना चुनखडीतून निघून गेलेला वायू आणि आता पाण्याशी होणारा हा संयोग ह्यांचे रसायनशास्त्र आम्हांला पुढे शाळेत कळले. त्या वयात मात्र विस्तवावाचून पाणी उकळताना पाहणे हा निव्वळ चमत्कार होता. विरलेला चुना दोन-तीन दिवस पाण्याखाली मुरू द्यायचा, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचा, दुधाइतका पातळ करायचा, हाताला लागू नये म्हणून त्यात थोडा भिजवलेला डिंक घालायचा, आणि शेवटी निळीची पुरचुंडी त्यात दोन-चार वेळा बुचकळायची. निळीने चुना निळा होत नाही. त्याच्यातली पिवळसर झाक मात्र मारली जाते आणि पांढरा रंग अधिक पांढरा दिसतो.

खरी गंमत पुढेच आहे. भिंत आधी पाण्याने ओली करून तिच्यावर कुंच्याने चुन्याचा पहिला हात दिला की नवख्या माणसाचा विरस होतो, कारण ओला चुना जवळजवळ पारदर्शक असतो आणि मागचे सारे डाग जसेच्या तसे दिसतात. अशा वेळी दुसरा जाड थर चढवण्याचा मोह आवरला पाहिजे. तासाभराने, भिंत वाळत जाते तशी, वरच्या कोपऱ्यापासून खाली शुभ्रता उतरू लागते; आपण नुसते बघत उभे राहायचे. असे दोन-तीन पातळ हात दिले की पुरे. पुढे काही दिवस तो चुना हवेतला कर्बद्विप्राणिल वायू शोषून घेत राहतो आणि पुन्हा मूळचा दगड होतो, म्हणजे भिंतीवर आपण अक्षरशः दगडाचे एक पातळ वस्त्र चढवलेले असते. तो अल्कधर्मी असल्याने त्याच्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि भिंतीतल्या ओलीला तो कोंडून ठेवीत नाही. हा दुसरा गुण मी नुकसान सोसून शिकले. न्हाणीघराच्या पाठीमागच्या आमच्या भिंतीवर एका दुकानदाराच्या सल्ल्याने आम्ही चकचकीत तैलरंग दिला होता. पहिल्याच पावसाळ्यात तिला पोपडे आले आणि दुसऱ्या पावसाळ्यात ते पसाभर निघू लागले. भिंत खरवडून चुना दिल्यावर ओल आजही येते, परंतु आली तशी वाळून जाते.

दोन सूचना कराव्याशा वाटतात. तैलरंग किंवा आजकालचे प्लॅस्टिकचे रंग असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही. आधीचा रंग पूर्ण खरवडावा लागतो, नाही तर खोलीचे छत, बाल्कनीची भिंत, जिन्याचा कोपरा असा एखादा कधी न रंगवलेला भाग शोधावा. आणि डोळ्यांना जपावे. चुन्याचा थेंब डोळ्यात जाणे ही गंभीर गोष्ट आहे, म्हणून चष्मा लावूनच कुंचा हाती घ्यावा, आणि तरीही थेंब गेलाच तर भरपूर पाण्याने डोळा धूत राहून लगेच डॉक्टर गाठावा. ज्यांच्या घरावर स्वतःची गच्ची आहे त्यांनी चुन्याचे दोन हात तिला अवश्य द्यावेत. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवून लावतो. सिमेंटचा काळवंडलेला स्लॅब ते दिवसभर पिऊन घेतो आणि रात्री आपल्या अंगावर ओततो. ही काही डोळ्यांना दिसणारी सजावट नव्हे. पण रात्री अकरा वाजता खालच्या खोलीत झोपणाऱ्याला ती दुसऱ्या कोणत्याही सजावटीपेक्षा अधिक जाणवते.

माथ्याचा बंदोबस्त झाला, आता पश्चिमेच्या खिडकीचा. बांबूच्या बारीक कामट्यांची चिक आणायला मी पुण्याच्या बुरूड आळीत गेले होते, तेव्हा माप देताना सहज विचारले, “मामा, ही पडद्याच्या जागी आतल्या बाजूला लावली तर चालेल ना?” हातातली कामटी सोलता सोलता ते म्हणाले, “लावा की ताई, पण मग ऊन घरात येऊन बसलं की. पाव्हणा नको असंल तर दारातच थांबवावा.” इमारतशास्त्राच्या पुस्तकांत जे तत्त्व पाने खर्चून सांगितलेले असते ते ह्या वाक्यात आले. काचेतून ऊन एकदा आत शिरून पडद्यावर पडले की पडदा तापतो, आणि ती उष्णता खोलीतच राहते, काचेतून ती सहज परत जात नाही. उलट काचेच्या बाहेर टांगलेली चिक तापली तरी तिचा ताप बाहेरच्या वाऱ्यावर निघून जातो. म्हणून महागड्या दुहेरी पडद्यांपेक्षा बाहेरची साधी चिक सरस. शिवाय तिच्या कामट्यांमधून जो गाळीव प्रकाश येतो त्याच्या बारीक आडव्या रेघा चुना दिलेल्या भिंतीवर दुपारभर थरथरत असतात. इतके देखणे चित्र मी तरी विकत घेतलेल्या कोणत्याही तसबिरीत पाहिलेले नाही. कोकणात हेच काम अंगणातला मांडव करतो. पोफळीच्या खांबांवर नारळाच्या झावळ्या पसरल्या की घरापुढे एक नवी, भिंती नसलेली खोलीच तयार होते आणि कुटुंबाचा निम्मा दिवस तेथेच जातो.

जेथे हवा कोरडी आहे, म्हणजे विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, आणि काही अंशी पुण्यातही, तेथे ह्या चिकेच्या जोडीला वाळा आणावा. वाळ्याच्या मुळ्यांचा पडदा किंवा ताटी दारात टांगून तिच्यावर पाणी शिंपडले की तिच्यातून येणारा वारा गार आणि सुगंधी होऊन येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो किती गार होतो ह्याचा हिशेब क्वचित केला जातो. एक लिटर पाणी तीस अंशांपासून उकळीला आणण्यास जितकी उष्णता लागते तिच्या सुमारे आठपट उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडून जाताना आसपासच्या हवेतून ओढून घेते. घामाने अंग निवते, माठातले पाणी गार होते, ते ह्याच नियमाने. मात्र हवेत आधीच दमटपणा असेल तर पाणी उडायला जागाच उरत नाही. मुंबईकरांनी आणि कोकणातल्यांनी वाळ्याच्या ताटीवर पैसे घालवू नयेत, त्यांनी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवून वाऱ्याला वाट द्यावी आणि वाळ्याची एक जुडी माठात टाकून तिच्या सुवासावर समाधान मानावे. देशावरच्यांनी उलट दहा वाजण्यापूर्वी खिडक्या लावून घ्याव्यात आणि सूर्य कलल्यावर उघडाव्यात. एकाच राज्यातल्या दोन घरांना एकच उपाय लागू पडत नाही, आणि सर्वांना एकच सजावट सुचविणाऱ्या लेखांवर माझा विश्वास नसण्याचे कारण हेच.

बैठकीच्या वस्त्रांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गालिचा गुंडाळून ठेवावा आणि फरशी उघडी राहू द्यावी. शहाबादी फरशीला अनवाणी पायांचा स्पर्श चैत्रात जितका सुखावतो तितका इतर कधी नाही. बसायला चटई किंवा पातळ सतरंजी पुरते. तक्क्या-लोडांना मांजरपाटाचे पांढरे अभ्रे घालावेत, आणि रंगाची हौस असेल तर जुन्या खणाची एकेक पट्टी त्यांना शिवावी. गुळेदगुड्डचा खण मूळचा चोळीसाठी विणलेला, त्यामुळे त्याचे काठ आणि बुट्टे लहान तुकड्यातही पुरते खुलतात. ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या आजीच्या दोन चोळ्यांतून आमच्या सहा अभ्र्यांच्या पट्ट्या निघाल्या.

उंबऱ्याची शोभा पाडव्यापासून सुरू होते. वेळूची काठी, तिच्या टोकाला जरीकाठी वस्त्र, कडुनिंबाची डहाळी, साखरेच्या गाठी, फुलांचा हार आणि सर्वांवर पालथा घातलेला तांब्या, एवढ्या वस्तूंतून उभी राहणारी गुढी ही मला नेहमीच प्रमाणबद्धतेचा उत्तम नमुना वाटत आली आहे; एक उभी रेघ, तिच्यावर चमकणारा एक बिंदू आणि मध्ये वाऱ्यावर हलणारा एकच रंग. अलीकडे बाजारात मिळणाऱ्या वीतभर उंचीच्या तयार गुढ्यांत वस्तू सगळ्या असतात, पण ती उभी रेघ हरवलेली असते. जागा कितीही लहान असो, खिडकीच्या गजाला बांधून का होईना, पुरुषभर उंचीची काठी उभारावी, आणि तांब्याला आदल्या संध्याकाळी चिंच लावून ठेवावी. चिंचेतले आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवते आणि घासणाऱ्याचे श्रम निम्मे होतात. पाडव्याच्या सकाळी पूर्वेचे ऊन त्या तांब्यावर पडले म्हणजे रस्त्यापलीकडच्या घरांतूनही तो दिसतो.

चैत्र शुद्ध तृतीयेला अनेक घरांत गौर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे पुरा महिना, ती माहेरवाशीण म्हणून झोपाळ्यात झुलते. खानदेशात ह्याच अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, आणि तेथे खरोखरीच्या माहेरवाशिणी झाडांना बांधलेल्या झोक्यांवर चढतात. ह्या महिन्यात अंगणात काढायची खास रांगोळी म्हणजे चैत्रांगण. वर महिरपीखाली झोपाळ्यात गौर, आणि भोवताली सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, त्रिशूल, तुळशीवृंदावन, गोपद्मे, कासव, नाग, हत्ती, मोर, कोयरी, शिडी, ध्वज. घरोघरची यादी थोडी निराळी असते, आणि हातांच्या वळणावरून रांगोळी कोणत्या घरातून आली हे जाणत्या बायका ओळखतात. माझ्या सासूबाईंचे कासव नेहमी डावीकडे तोंड करून असते. का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, माझ्या आईचंही तसंच होतं.” आमच्या इमारतीला अंगण नाही, म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्प्याचा एक काळा तुकडा दाराशी ठेवला आहे. शिरगोळ्याची पांढरी रांगोळी त्या काळ्या दगडावर अशी उठते की रंग भरण्याची गरजच भासत नाही. ज्यांच्या मातुल घराण्यात कोकण आहे त्यांना तेथली भाताचे तूस जाळून केलेली रांगोळीही आठवत असेल. ती अंगाने हलकी आणि स्पर्शाला मऊ असते.

गौरीच्या आराशीत आम्ही दर वर्षी एक गोष्ट करतो तिची कृती मुद्दाम देते, कारण तिला खर्च जवळजवळ शून्य आहे. मातीची एक बिनरंगी सुरई पाण्याने भरून दोन तास ठेवावी, म्हणजे ती बाहेरून ओलसर होते. मूठभर हळीव थोड्या पाण्यात भिजवला की त्याला बुळबुळीत चिकटपणा येतो. ते दाणे बोटांनी सुरईच्या अंगाला सर्वत्र पातळ थापावेत आणि सुरई सावलीत ठेवून तिच्यातले पाणी कमी होऊ देऊ नये. दुसऱ्या दिवशी दाण्यांना पांढरी टोके फुटतात, चौथ्या-पाचव्या दिवशी सबंध सुरई कोवळ्या हिरव्या लवेने झाकून जाते. मातीतून पाझरणारे पाणी त्या अंकुरांना पोसते आणि उरलेले उडून जाताना सुरईला गार ठेवते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे आणि हातावर चंदनाचे गंध देऊन झाले की त्या हमखास ह्या सुरईपाशी जातात आणि तिच्यावरून हलकेच हात फिरवतात. इराणी घरातल्या त्या अंकुरलेल्या गव्हाच्या थाळीची मला अशा वेळी आठवण होते. इतक्या दूरच्या दोन घरांना एकाच पंधरवड्यात धान्य उगवून मध्यभागी मांडावेसे वाटले, ह्याचे मला फार अप्रूप वाटते.

फुलांच्या बाबतीत एवढेच सांगेन की दूरवरून बर्फातून येणाऱ्या फुलांपेक्षा ह्या दिवसांत मंडईत ओल्या फडक्याखाली मिळणारा मोगरा घ्यावा, आणि तो सकाळी कळ्यांच्या रूपात घ्यावा. पितळी तबकात बोटभर पाणी घालून त्यात कळ्या सोडल्या तर दिवसभर त्या मोत्यांसारख्या मिटलेल्या राहतात आणि दिवेलागणीनंतर एकामागून एक उमलतात. सुगंध आपल्याला हवा असतो त्याच वेळी, म्हणजे घरची सारी माणसे परतल्यावर, घरभर पसरतो. कोकणातल्यांना सुरंगीचे वळेसर मिळतात, त्यांचे भाग्य थोर.

भिंतीवर चित्र हवेच असेल तर त्याविषयी थोडे. डहाणू-पालघर भागात वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. जिव्या सोमा म्हसे ह्यांनी, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगात नेली. आज त्या आकृत्या चादरींवर, पेल्यांवर, पायपुसण्यांवरसुद्धा छापलेल्या दिसतात. पायपुसण्यावर लग्नाचा चौक छापलेला पाहून मला फार वाईट वाटते. ज्यांना ते चित्र घरात हवे आहे त्यांनी ते वारली चित्रकाराच्या हातचे घ्यावे, लहान घ्यावे, एकच घ्यावे, आणि त्या रिकाम्या केलेल्या भिंतीवर त्याला एकट्याला राहू द्यावे.

यंदा अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी साडेसहाला मी पश्चिमेची चिक गुंडाळून वर बांधली. ऊन समोरच्या इमारतीमागे गेले होते आणि वारा सुटला होता. सासूबाईंनी गौरीला अक्षता वाहून तिला झोपाळ्यातून उचलले, पुसले, आणि पुन्हा देवघरात नेऊन ठेवले. हळिवाची सुरई पिवळी पडत चालली होती, ती मुलीने तुळशीपाशी रिती केली. महिनाभर हलत असलेला तो पितळी झोपाळा रिकामा पाहवेना म्हणून सासूबाईंनी त्यात मोगऱ्याच्या कळ्यांची एक परडी ठेवली, आणि रात्री पाने घेईपर्यंत त्यांतल्या निम्म्या उमलल्या होत्या.